सापाची कात अडकली तर: पाण्यात कसं बसवायचं आणि कधी बसवायचं नाही

सापाला पाण्यात बसवणं हे कात टाकून झाल्यानंतरचं काम आहे, आधीचं नाही. सापाचे डोळे दुधाळ दिसायला लागले की बरेच जण काळजीपोटी लगेच टब भरायला घेतात. त्या दिवसांत सापाला धड दिसत नसतं, तो बिथरलेला असतो आणि कुणी हात लावलेला त्याला नको असतो. तेव्हा त्याला हवी असते पेटीतली दमट हवा आणि शांतता. टब काढायचा तो कात पूर्ण निघाली नाही आणि अंगावर तुकडे राहिले, तरच.

दुसरी गोष्टही आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पाणी फक्त कात मऊ करतं. ती सोलून काढणं हे पाण्याचंही काम नाही आणि तुमच्या नखांचंही नाही. साप ती स्वतः घासून काढतो. आपण त्याला घासायला ओलं, थोडं खरखरीत काहीतरी द्यायचं आणि वेळ द्यायचा.

माझ्याकडे भुरी नावाची बॉल पायथन आणि केशर नावाचा कॉर्न स्नेक आहे. ओळखीतले साप पाळणारेही कात अडकली की मला फोटो पाठवतात, कधी डब्यात घालून साप घरीच घेऊन येतात. इथे लिहितेय ते बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक, बोआ अशा बंदिवासात जन्मलेल्या, बिनविषारी, माणसाच्या हाताची सवय असलेल्या सापांबद्दल. बाहेर कुठे कात लोंबत असलेला साप दिसला, तर त्याला पकडून पाण्यात बसवायला जाऊ नका. त्याचं तो बघून घेतो.

कात निघते कशी

सापाची त्वचा आपल्यासारखी कणाकणाने झडत नाही. जुन्या थराखाली नवा थर पूर्ण तयार होतो, मग दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव भरतो आणि जुना थर सुटायला लागतो. या द्रवामुळेच रंग मळकट पडतो आणि डोळे निळसर-दुधाळ होतात. पाळणारे याला ‘साप ब्लूमध्ये गेला’ म्हणतात. बॉल पायथनचं पोट त्याच्याही आधी गुलाबी दिसायला लागतं. भुरीच्या बाबतीत मला डोळ्यांच्या आधी पोटावरूनच कळतं आणि त्याच दिवशी मी तिला हाताळणं बंद करते.

पुढे काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नव्याने साप आणलेल्यांना इथे वाटतं की कात टाकून झाली, आणि ते पेटीत कात शोधायला लागतात. ती अजून अंगावरच असते. डोळे निवळल्यावर सहसा आठवडाभरात साप ओठांची कड कशावर तरी घासून कात सुटी करतो आणि तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. मोजा उलटा करून काढावा तशी अख्खी कात मागे पडते. पहिल्या खुणेपासून इथपर्यंत साधारण १ ते २ आठवडे जातात. वाढत्या पिल्लांचं हे दर ४ ते ६ आठवड्यांनी चालतं, मोठ्या सापाचं वर्षातून काही वेळाच.

निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध निघते. बारीकशी फाटली तर काही बिघडत नाही. पण ती चिंध्यांसारखी तुकड्यातुकड्यांत निघाली, अंगावर कोरडे, कागदी पट्टे राहिले, तर कुठेतरी काहीतरी कमी पडतंय. बहुतेक वेळा ते हवेतला ओलावाच असतो.

म्हणून कात सापडली की फेकायच्या आधी तपासायची. ती वाळलेली असेल तर मी आधी पाण्यात भिजवते आणि मग गडद रंगाच्या टॉवेलवर पसरते. कोरडी कात उलगडताना फाटते आणि मग तो तुकडा मुळातच नव्हता की आपल्या हातून गेला, हे कळत नाही. डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरा. सापाला पापण्या नसतात. प्रत्येक डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि दर वेळी तो कातीबरोबर निघून येतो. कातीत डोळ्यांच्या जागी दोन गोल, काचेसारख्या स्वच्छ, किंचित फुगीर चकत्या दिसल्या पाहिजेत. चकतीच्या जागी भोक असेल, तर ती सापाच्या डोळ्यावरच राहिली असण्याची शक्यता आहे. मग शेपटीकडचं टोक बघा. ते निमुळतं होत बंद झालेलं हवं. उघडं, तुटल्यासारखं असेल, तर शेवटचा भाग सापाच्या शेपटीवर आहे. लांबीवर मात्र जाऊ नका. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांबच भरते.

पाण्याआधी पेटी

पाण्यात बसवून आजची कात निघेल, पण पेटी कोरडी राहिली तर पुढचीही अडकेल. माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते तो पेटीतल्या आर्द्रतेचा. उत्तर बहुतेक वेळा ‘रोज पाणी शिंपडतो’ असं येतं. शिंपडलेलं पाणी तासाभरात उडून जातं. डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, आणा, त्याचा सेन्सर साप जिथे वावरतो त्या उंचीवर ठेवा आणि आकडा सकाळ-संध्याकाळ बघा. काचेला चिकटवायची काट्याची गोल मीटरं मी वापरत नाही, ती फार चुकतात.

बॉल पायथनला एरवी ६० टक्क्यांच्या आसपास आणि कात टाकायच्या दिवसांत ७० टक्क्यांपर्यंत आर्द्रता मानवते. कॉर्न स्नेकचं ४० ते ६० टक्क्यांत छान चालतं. सँड बोआसारख्या कोरड्या प्रदेशातल्या सापाची अख्खी पेटी दमट करायला जाऊ नका, त्याला ते बाधतं.

पण ‘ह्युमिड हाइड’, म्हणजे आतून दमट असलेली लपायची जागा, यातल्या प्रत्येकाच्या कामी येते आणि मला विचाराल तर टबापेक्षा तीच महत्त्वाची. झाकण असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, बाजूला साप सहज आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. मॉस मुठीत पिळून पाहायचं, थेंब पडता कामा नये. डबा पेटीच्या उबदार बाजूकडे किंवा मधोमध ठेवायचा. डोळे दुधाळ झाले की केशर आपणहून त्यात जाऊन बसतो आणि कात टाकेपर्यंत फारसा बाहेर येत नाही. मॉस दर एक-दोन आठवड्यांनी बदला, वास आला किंवा सापाने घाण केली तर लगेच. आणि ओलावा टिकावा म्हणून पेटीची हवेची भोकं बंद करू नका. कोंदट, ओल्या पेटीत बुरशी धरते आणि सापाच्या पोटाच्या खवल्यांना फोड येतात.

घासायला पेटीत काहीतरी खरखरीत हवंच. सालीचा लाकडाचा ओंडका किंवा कडा बोथट असलेला दगड पुरे. दगड पेटीच्या तळावर पक्का बसवा. वाळू-भुशावर नुसता ठेवलेला दगड साप खालून उकरतो आणि तो त्याच्या अंगावर बसतो.

कोणत्या सापाला पाण्यात बसवायचं नाही

गेल्या ४८ तासांत खाल्लेल्या सापाला नाही. पोटात गोळा दिसत असेल तर आणखी थांबा, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकेल आणि ती उलटी सापाला फार महागात पडते.

श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतोय, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ आहे, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसलाय, अशा सापाला नाही. ही श्वसनसंसर्गाची लक्षणं आहेत, तिथे कातीचा विचार नंतर. भाजल्याची जखम, टाके, पोटावर फोड असतील तरीही नाही. आणि डोळे दुधाळ असताना नाही, हे वर सांगितलंच.

टब, पाणी, तापमान

झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा टब हवा. साप आत सैल वेटोळं घालून बसला की त्याला हलायला जागा उरेल, पण पोहायला लागणार नाही, एवढा. झाकणाला क्लिपा हव्यात. नुसतं वर ठेवलेलं झाकण कॉर्न स्नेक नाकाने उचलतो, आणि डोकं बाहेर पडलं की बाकीचं अंग येतंच. हवेसाठी झाकणाला भोकं पाडाल ती आतून बाहेरच्या बाजूला पाडा, म्हणजे प्लास्टिकच्या धारदार कडा बाहेर राहतात आणि सापाचं नाक सोलत नाही. टब पांढरा किंवा पारदर्शक असला तर उत्तम, का ते पुढे येईलच.

हा टब सापाचाच. अंघोळीची बादली, स्वयंपाकघरातलं सिंक, भांडी, यातलं काहीही वापरायचं नाही. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि पाणी स्वयंपाकघरात ओतू नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी किंवा आजारी माणसं या कामापासून लांब असलेली बरी.

पाणी किती? साप जिथे सर्वांत जाड आहे, तिथल्या जाडीच्या निम्म्यापर्यंत. पाठ पाण्याबाहेर आणि पोट पाण्यात राहिलं की झालं. लोकांना हे फार कमी वाटतं. साप पोहतो हे खरं, पण टबात त्याला टेकायला काठ नसतो. दमला की तोही बुडतो. हनुवटी टेकवून बसला तरी नाकपुड्या पाण्याच्या वर राहतात ना, एवढीच कसोटी. पिल्लू असेल तर पाण्याचा नुसता पातळ थर पुरतो.

तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस. इथे हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आपल्या हाताची त्वचाच ३२-३३ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे सापासाठी बरोबर असलेलं पाणी आपल्याला जेमतेम कोमट, किंबहुना किंचित गारच लागतं. आपल्याला ‘छान कोमट’ वाटणारं पाणी सापासाठी गरम असतं. साप अंगातली उष्णता घाम येऊन बाहेर टाकू शकत नाही आणि बंद टबात त्याला सावलीत सरकायलाही जागा नसते. मी थर्मामीटर टबातच सोडते आणि पाणी ओतून, ढवळून, दोन मिनिटं थांबून मग आकडा बघते, कारण टब गार असेल तर पाणी लगेच उतरतं. टबाखाली दुमडलेला टॉवेल घातला की ते जास्त वेळ टिकतं. हीट मॅटवर (पेटीखाली घालायच्या विजेच्या गरम चटईवर), हीटरजवळ किंवा उन्हात टब कधीही ठेवू नका.

पाण्यात काहीही घालायचं नाही. साबण, जंतुनाशक, तेल, मीठ, शाम्पू, सगळं वर्ज्य. तेल लावलं की कात चमकते आणि सुटल्यासारखी दिसते, पण खवल्यांमध्ये तेल बसतं, त्याला भुसा चिकटतो आणि आतल्या कातीपर्यंत पाणी पोचतच नाही.

तळाशी एक जुना, धुतलेला टॉवेल घाला. त्याचं एक टोक पाण्यात पसरलेलं आणि दुसरं पाण्याच्या वर गोळा करून ठेवलेलं. सापाला पकड मिळते, घासायला मिळतं आणि पाणी नको झालं तर वर येऊन बसता येतं. टॉवेलचे सुटे दोरे कापून टाका, ते खवल्यांत अडकतात.

पाण्यात बसवताना

साप दोन्ही हातांवर घ्या, हात टबात खाली न्या आणि त्याला स्वतःहून उतरू द्या. आधी शेपटीकडचं अंग पाण्याला लागू द्या, डोकं शेवटी. वरून सोडायचं नाही, डोकं पाण्यात दाबायचं नाही, डोक्यावर पाणी ओतायचं नाही. झाकण लावा आणि तिथेच बसा. खोली सोडून जायचं नाही, एक फोन घेण्यापुरतंही नाही. साप रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बघू, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. तो ऐकू नका.

१५ ते २० मिनिटं पुरतात. ३० मिनिटांच्या वर मी कधीच जात नाही, आणि पिल्लाला १० मिनिटांतच बाहेर काढते, कारण ते पटकन गार पडतं. मध्ये एकदा थर्मामीटर बघा. पाणी २५ अंशांखाली उतरलं तर गरम पाणी थेट टबात ओतू नका. साप बाहेर काढा, वेगळ्या भांड्यात पाणी जुळवा, मग बदला.

पाण्यात गेल्यावर पुष्कळ साप विष्ठा करतात. केली तर पाणी लगेच बदलायचं, कारण साप तेच पाणी पितो. पाणी प्यायला लागला तर निरखून बघा. जबडा पाण्याला टेकवून गळ्याशी हलकी, लयीत हालचाल होते. कातीच्या वेळी बराच वेळ पाणी पिणारा साप बहुधा आधीपासून तहानलेला असतो. मग पेटीतली पाण्याची वाटी कुठे आहे, ती रोज भरली जाते का, तिच्यावर दिव्याची आच पडते का, हे बघा.

सुरुवातीला साप टबात फिरणार, कोपरे तपासणार. त्यात काळजीचं काही नाही. पण पाच-सात मिनिटांनंतरही झाकणावर नाक आपटत असेल, सारखा वर चढायला बघत असेल, जोरजोरात फुत्कारत असेल, तर त्याला बाहेर काढा. त्या सापासाठी ओल्या टॉवेलचा डबा बरा, तो पुढे सांगते. तोंड उघडलं किंवा अंग सैल, लुळं पडल्यासारखं वाटलं, तर त्याच क्षणी बाहेर.

साप काढल्यावर पाणी ओतून देण्याआधी टब उजेडात धरा. खसखशीएवढे काळे ठिपके तळाला किंवा पाण्यावर दिसले, तर ते माइट्स म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी असू शकतात. यासाठीच टब पांढरा हवा. माइट्स असले की कात वारंवार अडकते आणि साप आपणहून तासन्‌तास पाण्याच्या वाटीत बसून राहतो. पाळणाऱ्याला वाटतं, त्याला पाणी आवडतं. माइट्सवर पाणी हे औषध नव्हे. व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, सल्ल्याने उपचार आणि अख्ख्या पेटीची सफाई, दोन्ही लागतं.

टॉवेलमधून जाऊ द्या

कात निघते ती इथे. दुसरा टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि दोन्ही हातांत सैल गुंडाळी करून धरा. सापाचं डोकं एका बाजूने आत शिरू द्या आणि दुसऱ्या बाजूने तो बाहेर येईल तसतसं त्याला पुढे जाऊ द्या. हाताचा दाब एवढाच की टॉवेल त्याच्या अंगाला सगळीकडून टेकेल. तुम्ही ओढायचं नाही, साप चालेल. दिशा नेहमी डोक्याकडून शेपटीकडे, कारण खवल्यांच्या कडा मागच्या बाजूला मोकळ्या असतात. उलट घासलं तर खवले उचकटतात.

एकदा पेटीत हायग्रोमीटरची बॅटरी संपली असताना केशरच्या मानेपासून अर्ध्या अंगापर्यंत कात राहिली होती. पाण्यातून काढला तेव्हा ती पांढुरकी, मऊ, ओल्या कागदासारखी झालेली. पहिल्या फेरीला टॉवेलवर काहीच आलं नाही. दुसऱ्या फेरीत मानेजवळची कड उचलली गेली आणि त्यानंतर तो जसजसा पुढे सरकत गेला, तसतशी कात टॉवेलच्या तोंडाशी गोळा होत गेली. खालून निघालेला केशरी रंग अगदी तेजस्वी होता. त्यात माझं काम हात स्थिर धरण्याचं होतं, बाकी सगळं त्याने केलं.

तीन-चार फेऱ्यांत जे सुटत नाही, ते त्या दिवशी सोडून द्या. चिकटलेली कात ओढली तर खालचा नवा, कोवळा थर तिच्याबरोबर येतो आणि तिथे जखम होते. साप पुसा, पेटीत ठेवा, ह्युमिड हाइड ओली करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. लागलं तर २४ तासांनी पुन्हा पाण्यात बसवा. पण दिवसातून दोन-तीनदा पाण्यात, असा आठवडाभर सपाटा लावू नका. अति तिथे माती. सतत ओलं राहून त्वचा खराब होते आणि तणावाने साप खाणं सोडतो.

शेपटीचं टोक

कातीचा सर्वांत धोकादायक तुकडा सर्वांत छोटा असतो. शेपटीच्या टोकावर राहिलेली कात वाळली की आवळते. पुढच्या वेळीही तिथलीच राहिली, तर त्यावर दुसरं कडं चढतं. मग रक्तपुरवठा तुटतो, टोक काळं पडतं, वाळतं आणि गळून जातं. पाळणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो, कारण पेटीत बघताना शेपूट वेटोळ्यात दडलेली असते.

पाण्यातून काढल्यावर शेपटी ओल्या कापसाच्या मऊ कापडात अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा, मिनिटभर तशीच राहू द्या, मग बोटं अलगद टोकाकडे सरकवा. कडं सुटत असेल तर टोपीसारखं घसरून येतं. नसेल येत, तर जोर नको, उद्या पुन्हा. टोक आधीच गडद, सुरकुतलेलं, ताठ झालं असेल, तर घरी काही करू नका. व्हेटकडे जा.

डोळ्यावरची चकती

इथे माझा नियम साधा आहे: डोळ्याला हात लावायचा नाही. चिमटा, सेलोटेप, नख, कापसाची काडी, सगळं लांब. ती चकती नक्की जुनी आहे की नवी, हे घरी खात्रीने सांगणं कठीण. नवी ओढली गेली तर खालचा डोळा उघडा पडतो आणि सापाचा डोळा जाऊ शकतो.

राहिलेली चकती असेल तर डोळा दुसऱ्या डोळ्यापेक्षा निस्तेज दिसतो, पृष्ठभाग सुरकुतलेला असतो, कधी कडेला कातीची बारीक झालर दिसते. नुसता खळगा दिसला तर ते शरीरात पाणी कमी असल्याचंही लक्षण असू शकतं. एकच थर राहिला असेल आणि साप बाकी ठणठणीत असेल, तर ओलावा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट बघा. बहुतेक वेळा दोन्ही थर एकत्र निघून जातात. त्या वेळीही निघाला नाही, डोळा सुजला, पाणी-पू दिसला, तर व्हेट.

ओल्या टॉवेलचा डबा

पाण्याला घाबरणारा साप, अगदी छोटं पिल्लू, किंवा डोक्यावर कात राहिलेला साप यांच्यासाठी मी टबात पाणी घालतच नाही. तोच टब, तेच भोकांचं झाकण, आत कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले दोन-तीन टॉवेल सैलसर टाकते आणि साप त्यांत सोडते. तळाशी पाणी साचलेलं नको. डबा उबदार खोलीत, २६ ते २८ अंशांत ठेवायचा. अर्धा ते एक तास. इथेही दर काही मिनिटांनी नजर हवी, पण बुडण्याची भीती नाही. साप घड्यांमधून फिरत राहतो आणि घासण्याचं काम आपोआप होतं. खरं सांगायचं तर भुरीसाठी मी आता हेच करते. बॉल पायथनला उघड्या पाण्यापेक्षा अंगाला चारी बाजूंनी टेकणारा निवारा जास्त मानवतो.

नंतर

कोरड्या टॉवेलने पुसून साप पेटीत ठेवा. पेटीतलं तापमान आधीच बरोबर असायला हवं, ओला साप गार पेटीत जाता कामा नये. टब साबणाने धुऊन, सापांच्या सामानासाठी चालणाऱ्या जंतुनाशकाने पुसून, खळबळून उन्हात वाळवा. टॉवेल घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. खायला एक-दोन दिवसांनी द्या.

व्हेट निवडताना सरपटणारे प्राणी बघणारा आहे का, हे फोनवर आधी विचारून घ्या. पाण्यात बसवून, टॉवेलमधून काढून तीन-चार दिवसांत फरक नाही, किंवा पेटीतले आकडे बरोबर असूनही लागोपाठ दोनदा कात अडकली, तर जायलाच हवं. संसर्ग, जुने व्रण, कुपोषण अशी कारणं टबाने सुटत नाहीत. जाताना निघालेल्या कातीचे तुकडे कागदी पाकिटात घालून न्या. पेटीतल्या उबदार आणि गार बाजूचं तापमान, आर्द्रतेचे आकडे, शेवटचं खाणं कधी आणि काय, मागची कात कधी पडली, हे कागदावर लिहून न्या. आणि निघण्याच्या दिवशी सापाला पाण्यात बसवू नका, कारण कात कुठे आणि किती घट्ट चिकटली आहे हे व्हेटला कोरड्या अंगावरच नीट दिसतं.